बोटीवरचा डिझेल हीटर: डबा कुठला ते नंतर, धूर कुठून जाणार ते आधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की तुमच्या पेपरात दरवर्षी एक बातमी असतेच, बाथरूममधल्या गॅस गिझरने कुणाचा तरी जीव गेला, दार बंद, खिडकी बंद, आणि बाहेरच्यांनी दार तोडेपर्यंत सगळं संपलेलं. मी राहतो स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोपासून जवळ, आणि हे पत्र लिहायचं कारण तोच वायू आहे, फक्त जागा बाथरूम नाही तर शिडाची बोट. इकडे आमच्या ओळखीतल्या काही मराठी कुटुंबांनी जुन्या बोटी घेतल्यात, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या फायबरच्या, सव्वीस ते बत्तीस फुटी, वेस्टर्ली, मूडी, सॅडलर असल्या कंपन्यांच्या, चांगल्या सेकंडहँड गाडीच्या किमतीत मिळतात आणि पोरांना घेऊन शनिवार-रविवार समुद्रावर काढता येतो. उन्हाळा मजेत जातो. मग सप्टेंबर संपत आला की फोन सुरू होतात, हीटर कुठला घेऊ, दोन किलोवॅटचा की पाचचा, जर्मन की चायनीज, किती पैसे घालू. याचा धूर कुठून बाहेर जाणार असं अजून एकानेही आपणहून विचारलेलं नाहीये, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. तुमचा पेपर इथे, नॉर्वेत, कॅनडात मराठी लोक मोबाईलवर वाचतात म्हणून हे तुमच्याकडे पाठवतोय, जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

आधी हीटर लागतोच कशाला ते सांगतो, कारण कोकणात वाढलेल्या माणसाला बोट म्हटलं की घाम आठवतो. इथल्या क्लाइड खाडीतलं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सात-आठ अंशांच्या आसपास असतं आणि बोटीचं अर्धं अंग त्या पाण्यात बुडालेलं. त्यामुळे आतली भिंत कायम थंडगार. माणूस रात्रभर झोपला तर नुसत्या श्वासातून आणि अंगातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो, चार जण झोपले की दोन लिटर, ते सगळं जाऊन त्या थंड भिंतीवर बसतं, सकाळी गाद्या ओल्या, उशीखाली ओल, कपाटात बुरशी. मग लोक काय करतात तर गॅसची शेगडी पेटवून ठेवतात, दहा मिनिटं बरं वाटतं. पण एक किलो एलपीजी जळला की दीड किलोच्या वरच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, म्हणजे ओल घालवायला आपण अजून पाणीच ओततोय, आणि बंद केबिनमध्ये शेगडी जळत राहिली की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत नीट जळत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. शेगडी स्वयंपाकापुरती, ऊब घ्यायला कधीही नाही, यावर माझ्याकडे दुसरं मत नाही. डिझेल हीटरचं खरं काम ऊब देण्याइतकंच कोरडं करण्याचं आहे, त्यातली जळणाची वाफ आणि धूर दोन्ही पाईपातून बोटीबाहेर जातात. जातात म्हणजे जायला हवेत.

आता हा हीटर चालतो कसा हे थोडं नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गरम हवा फेकणारा जो प्रकार सगळ्यात जास्त वापरला जातो, वेबास्टो, एबरश्पेखर, ऑटोटर्म आणि त्यांच्या धर्तीवर बनलेले सगळे चायनीज, त्यात एका डब्यात दोन वेगवेगळ्या हवा फिरतात. एक हवा जळणासाठी, ती एका बारीक पाईपातून आत येते, छोटा पंप टिक टिक करत डिझेलचा थेंब थेंब सोडतो, ग्लो पिन लाल होऊन ते पेटवते, आणि धूर अंगठ्याएवढ्या जाडीच्या एक्झॉस्ट पाईपातून बाहेर जातो. दुसरी हवा केबिनसाठी, ती त्या जळणाच्या भांड्याला फक्त बाहेरून घासून जाते, गरम होते, आणि हाताच्या पंज्याएवढ्या रुंद डक्टमधून केबिनमध्ये येते. दोन्ही हवांचे पंखे बहुतेक एकाच मोटरवर असतात पण हवा एकमेकींना भेटत नाहीत. हीटर बनवणारा या दोन हवा अगदी काटेकोर वेगळ्या ठेवून देतो, आणि आपण बोटीत बसवताना त्या एकत्र करून ठेवतो. जितके वाईट प्रकार मी पाहिलेत त्यातले जवळजवळ सगळे या एका वाक्यात बसतात.

कुठला घ्यायचा, हे पटकन सांगतो. तीस-बत्तीस फुटी बोटीला दोन किलोवॅटचा पुरतो. एबरश्पेखरचा एअरट्रॉनिक डी टू किंवा वेबास्टोचा एअर टॉप २००० त्याच मापाचे आहेत, दोन्ही कंपन्या जर्मन, दोघींचा जन्म एस्लिंगन या एकाच गावातला, एक १८६५ ची आणि एक १९०१ ची. बोट छत्तीस-चाळीस फुटांची असेल, मागे वेगळी केबिन असेल तर चार किलोवॅटकडे बघा. उगाच मोठा घेऊ नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो कारण आपल्याला वाटतं मोठा घेतलेला बरा, कमीवर चालवू. हे हीटर कमीवर तासनतास चालले की आतली आग थंड राहते, डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते, आणि काजळी धरलेला हीटर पेटताना पांढरा धूर काढतो, मग एक दिवस पेटतच नाही, आणि अर्धवट जळणारा हीटर कार्बन मोनॉक्साइडही जास्त काढतो. लहान हीटर पूर्ण जोरात चालतो तेव्हा स्वच्छ चालतो. लहान असला तरी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास फुल्लवर चालवा.

चायनीजबद्दल लोक मला फार विचारतात, शंभर-दीडशे पाउंडात मिळतो आणि जर्मन किट हजाराच्या पुढे, तर एवढा फरक का. मी चायनीज घेऊ नका असं म्हणत नाही, माझ्या माहितीतले काही वर्षानुवर्षं नीट चाललेत. पण खोक्यावरचा आठ किलोवॅटचा आकडा धरू नका. एक लिटर डिझेलमध्ये ढोबळ मानाने दहा किलोवॅट-तास उष्णता असते, त्यातला पाचवा हिस्सा तरी धुराबरोबर जातो, म्हणजे खरोखर आठ किलोवॅट ऊब हवी तर तासाला एक लिटर डिझेल जाळावं लागेल, आणि त्याच खोक्यावर खाली बघितलं तर जास्तीत जास्त खप अर्धा लिटर लिहिलेला असतो. म्हणजे तो फार तर चारचा. एअरट्रॉनिक डी टू फुल्लवर तासाला ०.२८ लिटर पितो आणि २.२ किलोवॅट देतो, हिशोब लगेच जुळतो. पण मला जास्त काळजी डब्याची नाही, त्या खोक्यात जो एक्झॉस्टचा पाईप येतो त्याची आहे. तो ट्रकसाठी असतो. ट्रकमध्ये पाईप गाडीच्या खाली उघड्यावर असतो, त्यातून थोडा धूर गळला, सायलेन्सरच्या शिवणीतून, पाणी जायच्या भोकातून आला, तर वाऱ्यावर उडून जातो. बोटीत तोच पाईप तुमच्या कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेच्या, लॉकरमधून, सामानाच्या कप्प्यातून जातो आणि लॉकरच्या पलीकडे पातळ प्लायवूडमागे तुमचं पोर झोपलेलं असतं.

ज्यांना बोटीवरच राहायचंय, महिनोन्महिने, त्यांच्यासाठी दुसरा प्रकार आहे, डेन्मार्कचा रेफ्लेक्स किंवा कॅनडाचा डिकिन्सन, मासेमारीच्या बोटींवर पिढ्यानपिढ्या चाललेले. यात पंखा नाही, डिझेल वरच्या टाकीतून आपल्या ठिबक सिंचनासारखं थेंबाथेंबाने भांड्यात पडतं आणि जळतं, धूर छतातून वर चिमणीने जातो. वीज जवळजवळ लागत नाही, आवाज नाही, ऊब फार छान आणि कोरडी, वर किटली ठेवता येते. पण ही डिझेलची शेगडी केबिनमधलीच हवा जळणाला घेते, म्हणजे हवा यायला कायम उघडी जागा पाहिजे, चिमणी पुरेशी उंच पाहिजे नाहीतर वारा उलटा फिरला की धूर खाली येतो, आणि बोट शिडावर कलली की हिचा भरवसा नाही. नांगर टाकून किंवा बंदरात बांधून राहणाऱ्यांना उत्तम, शनिवार-रविवार फिरणाऱ्यांना नको. फिनलंडचा वालस म्हणून आणखी एक येतो, शांत आहे, महाग आहे, बॅटरीचा व्होल्टेज पडला की रुसतो. पाणी गरम करून रेडिएटर फिरवणारेही मिळतात, ते मोठ्या बोटींचं काम.

आता एक्झॉस्ट. यावर मी जेवढं लिहीन तेवढं कमीच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये यॉर्क शहरात ऊझ नदीवर बांधलेल्या डायव्हर्जन नावाच्या मोटरबोटीत दोन जण रात्री झोपले आणि सकाळी उठले नाहीत. इथली सागरी अपघातांची चौकशी करणारी जी सरकारी शाखा आहे, एमएआयबी, तिने तपास केला, कारण निघालं डिझेल केबिन हीटरचा धूर, तो बाहेर जायच्या ऐवजी आत आला, आणि बोटीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता. त्याआधी २०१३ साली विंडरमिअर तलावावर एका बोटीत आई आणि मुलगी अशाच गेल्या होत्या, तिथे हीटर नव्हता, जनरेटर होता, त्याला घरच्या घरी जुळवलेला एक्झॉस्ट. दोन्हीकडे यंत्र वेगळं, पण जीव घेतला तो पाईपाने.

तर बोटीसाठी म्हणून जो एक्झॉस्ट मिळतो तोच घ्या, स्टेनलेसचा, वायू न गळणारा, सायलेन्सर घ्यायचा तर तोही भोक आणि शिवण नसलेला, आणि बोटीच्या भिंतीतून बाहेर पडायचं जे फिटिंग असतं ते दुहेरी भिंतीचं, कारण पाईप काही शे अंश तापतो आणि साधं फिटिंग लावलं तर फायबर करपतं, लाकूड काळं पडतं. पूर्ण लांबीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. लॉकरमध्ये दोऱ्या, फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे फुगे), जुनी शिडं कोंबलेली असतात, ती बोट हलली की पाईपावर जाऊन पडतात, म्हणून पट्टीवरून जाळीचं एक कुंपण करा. पाईप हीटरपासून सरळ भोकाकडे नेऊ नका, आधी वर उचलून डेकच्या जवळ एक वळसा द्या आणि मग खाली फिटिंगकडे, नाहीतर मागून लाट आली की पाणी थेट हीटरच्या पोटात. फिटिंग पाण्याच्या रेषेच्या चांगलं वर हवं आणि बोट कलल्यावर ती रेषा कुठे जाते ते शिडावर असताना बघून ठरवा, बंदरात उभ्या बोटीवर पेन्सिलने खूण करून ठरवू नका. बरेच जण मागच्या भिंतीवर लावतात, ते चालतं, पण मग एक लक्षात ठेवा, पावसात आपण कॉकपिटवर तंबू लावतो, तो मागे नीट बंद झाला नाही तर मागून निघालेला धूर त्या तंबूत येऊन साठतो आणि केबिनचं दार तर तंबूतच उघडतं. बोट चालती असतानाही मागची हवा पुढे ओढली जाते, मागच्या बाजूचा धूर कॉकपिटमध्ये परत येतो. खिडकीजवळ, हवेच्या झरोक्याजवळ, डिझेल टाकीच्या श्वासनळीजवळ, गॅस लॉकरच्या भोकाजवळ फिटिंग नको.

प्रत्येक जोडाला एक्झॉस्टची पेस्ट आणि चांगला स्टेनलेस क्लॅम्प. जुबली क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची पट्टी, स्वस्तातली लावली तर बोटीच्या थरथरीने सैल होते. पाईपाचं वजन जोडावर लटकू देऊ नका, मधे मधे आधार द्या. मी एका ओळखीच्यांच्या बोटीवर पाहिलं, हीटर नवाकोरा, महागातला, एका दुकानाने बसवून दिलेला, आणि पाईप भिंतीच्या फिटिंगवर नुसता ढकलून ठेवलेला, क्लॅम्पच नाही. लॉकरच्या आतल्या छताला काळं पडायला लागलं होतं. त्यांना वाटत होतं बुरशी आहे.

आता त्या दोन हवांकडे परत येतो. हीटर बहुतेक वेळा कॉकपिटच्या लॉकरमध्येच बसतो, दुसरीकडे जागा नसते, ठीक आहे. पण केबिनसाठी जी हवा हीटर ओढतो ती तो त्याच लॉकरमधून ओढत असेल आणि त्याच लॉकरमध्ये एक्झॉस्टचा जोड असेल, तर जोड जरा सुटला की धूर लॉकरमध्ये, आणि लॉकरमधली हवा पंखा लावून थेट तुमच्या बिछान्यावर. हे टाळायला हीटरच्या हवा ओढायच्या तोंडाला डक्ट लावून ते तोंड दुसरीकडे न्या, एक तर बाहेर, डेकवरच्या पाणी न शिरणाऱ्या झाकणाखाली, किंवा केबिनमध्ये. बाहेरची ताजी हवा घेतली तर केबिनमधली दमट हवा बाहेर ढकलली जाते, काचा कोरड्या राहतात, फक्त गरम व्हायला वेळ लागतो आणि डिझेल जास्त जातं. आतलीच फिरवली तर पटकन गरम होतं पण ओल आतच फिरते. मला विचाराल तर ओलीसाठीच आपण हीटर घेतोय, बाहेरची घ्या. इंजिनच्या खोलीतून मात्र कधीच नाही, तिथे डिझेलचा वास, तेलाची वाफ, आणि इंजिनचा एक्झॉस्ट गळत असेल तर तोही. जळणाची हवाही केबिनमधून घेऊ नका, ती बाहेरून किंवा चांगली हवा खेळणाऱ्या लॉकरमधून.

आणि ज्या लॉकरमध्ये डिंगीच्या, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीच्या, इंजिनाचं पेट्रोल ठेवता तिथे हीटर बसवायचा विचारसुद्धा करू नका. पेट्रोलची वाफ जड, तळाशी बसते, हीटरमध्ये आग. गॅसचंही तेच, गळला तर बिल्जमध्ये, बोटीच्या अगदी तळाशी, जाऊन बसतो. हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण मी पेट्रोलचा लाल कॅन हीटरच्या शेजारी ठेवलेला पाहिलाय.

गरम हवेच्या डक्टचं काम सोपं आहे पण कंटाळवाणं, कपाटं रिकामी करा, मोठं भोक पाडा, वळणं कमी ठेवा, प्रत्येक वळणावर हवेचा जोर कमी होतो, आणि थंड लॉकरमधून जाणाऱ्या भागाला लोकर-फोम काहीतरी गुंडाळा, नाहीतर तुम्ही लॉकरच गरम करत बसाल. शेवटचं एक तोंड बंद न होणारं ठेवा, सगळी तोंडं बंद झाली तर हीटर तापून स्वतःच बंद पडतो. पहिलं तोंड बाथरूममध्ये दिलं तर ओले रेनकोट रात्रभरात वाळतात, माझ्या बायकोला या सगळ्या कामातलं एवढंच खरं काम वाटतं आणि तिचं चूक नाहीये.

डिझेलसाठी टाकीला वेगळी नळी टाका, इंजिनच्या लाईनला टी जोड मारू नका, पंप इतका नाजूक मापाने थेंब सोडतो की इंजिनच्या ओढीने किंवा एका बुडबुड्याने ज्योत विझते. ही नळी टाकीच्या तळापासून थोडी वर संपू द्या, म्हणजे तळाचा गाळ आणि पाणी हीटर ओढणार नाही आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, तुम्ही रात्रभर हीटर चालवून सगळं डिझेल संपवलं तरी घरी परतायला इंजिनपुरतं उरेल. बारीक छिद्राची कडक नळीच वापरा, चायनीज किटमधली ती मऊ हिरवट नळी फेकून द्या, ती फुगते आणि जोडावर सुटते. मधे एक छोटा फिल्टर. पंप तिरका, बाहेर जायचं तोंड वर, म्हणजे हवा अडकत नाही, आणि रबरी पकडीत बसवा नाहीतर टिक टिक रात्रभर भिंतीतून डोक्यात.

विजेचं म्हणाल तर चालू असताना हीटर फार खात नाही, बारा व्होल्टवर एक ते तीन अँपिअर, पण पेटताना ग्लो पिनला आठ-दहा अँपिअर दोन-चार मिनिटं लागतात, आणि त्या वेळेला वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतो, हीटर पेटत नाही, आणि लोक म्हणतात हीटर खराब. दहातले निम्मे खराब हीटर मला वाटतं बारीक वायरचे असतात. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज बॅटरीजवळ. अजून एक, हीटर बंद करताना त्याच्या स्विचनेच बंद करा, मेन स्विच खटकन पाडू नका. बंद केल्यावर तो तीनेक मिनिटं पंखा फिरवत राहतो, आत उरलेलं डिझेल जाळून भांडं थंड करतो, ते होऊ द्या, नाहीतर गरम भांड्याने आजूबाजूचे भाग जळतात आणि काजळी धरते ती वेगळीच.

अलार्म. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कालव्यांवर आणि नद्यांवर बोट सेफ्टी स्कीमखाली १ एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. समुद्रावरच्या खाजगी बोटींना ही सक्ती नाही, आणि आपल्या लोकांच्या बोटी समुद्रावर आहेत, म्हणून कुणी विचारत नाही म्हणून कुणी लावत नाही. वीस-पंचवीस पाउंडाची वस्तू आहे. घेताना त्यावर ईएन ५०२९१-२ लिहिलंय का बघा, ते बोटी आणि कॅराव्हॅनसाठी आहे, ओल आणि हादरे सोसणारं. झोपायच्या प्रत्येक केबिनमध्ये एक, बसल्यावर किंवा झोपल्यावर जिथे तोंड येतं साधारण त्या उंचीला, खिडकीच्या आणि हवेच्या तोंडाच्या समोर नको. धुराचा अलार्म वेगळा, तो हा वायू ओळखत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतं, म्हणून थोडासाही पुरतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, झोप येते. बोटीवर ही चारही लक्षणं दिसली की सगळे म्हणतात बोट लागली असेल, जरा आत जाऊन आडवा हो. आत तर तो वायू आहे. नांगरावर शांत पाण्यात दोघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ झाली तर हीटर बंद आणि सगळे बाहेर, आधी बाहेर, चर्चा नंतर.

हीटर पहिल्यांदा पेटवाल तेव्हा बंदरातच पेटवा, दिवसा, दोघं जण असताना. थोडा पांढरा धूर सुरुवातीला येतो, मिनिट-दोन मिनिटांत थांबायला पाहिजे. एक अलार्म लॉकरमध्ये, हीटरशेजारी ठेवा, लॉकरचं झाकण लावा, तासभर फुल्लवर चालू द्या, आणि तुम्ही तोवर बाहेर चहा घ्या. तो वाजला तर कुठलातरी जोड गळतोय, आता सापडला ते बरं झालं. मग थंड झाल्यावर टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा.

या हिवाळ्यात ज्यांनी आधीच हीटर बसवून घेतलाय, स्वतः किंवा दुकानातून, त्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या वेळी बोटीवर गेलात की झोपायच्या आधी कॉकपिटचा लॉकर पूर्ण रिकामा करा, एक्झॉस्टचा पाईप हीटरपासून भिंतीपर्यंत हाताने चाचपून बघा, अर्थात हीटर थंड असताना, आणि जोडाभोवती किंवा लॉकरच्या छताला काळा डाग दिसला तर त्या रात्री हीटर लावू नका. जाड ब्लँकेट घ्या, दुसऱ्या दिवशी क्लॅम्प बदला. पुन्हा तपासून मगच पेटवा.

आपला,
एक वाचक,
लार्ग्ज, स्कॉटलंड